रस्त्याखालचं बडोदं

२०२५ च्या जुलैत आमच्या पोळीच्या तोंडाशी भूवा पडला.

या वाक्यातले दोन शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना अडतील. पोळ म्हणजे पुरणाची नव्हे. एका दरवाजाच्या आत वसलेली अरुंद गल्ली म्हणजे पोळ. जुन्या बडोद्यात माणूस रस्त्यावर राहत नाही, पोळीत राहतो. आणि भूवा म्हणजे गुजरातीत अंगात आणून भूत उतरवणारा देवऋषी. रस्ता एकाएकी खचून जे विवर पडतं त्यालाही आमच्याकडे भूवाच म्हणतात. दोघेही पावसाळ्यात जास्त घुमतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर बडोद्यात माणसं एकमेकांना ‘केम छो’च्या आधी ‘तमारे त्यां भूवो पड्यो?’ असं विचारतात. शहराला ‘भूवानगरी’ म्हणून हिणवणारेही आमचेच लोक. एरवी ‘संस्कारी नगरी’ म्हणून छाती फुगवणारेही तेच.

आमचा भूवा ऐन नव्या रस्त्यात पडला. दोन महिन्यांपूर्वी डांबर झालं होतं, पांढरे पट्टे मारले होते, मधल्या दुभाजकात फुलपाखरांच्या आकाराचे दिवे लावले होते. आधी नुसती भेग दिसली. मग ताटाएवढा खळगा. एका पहाटे दुधाचा टेम्पो त्यावरून गेला, आणि तो पुढे गेल्यावर मागचा रस्ता अगदी सावकाश खाली बसला. कुणाला काही झालं नाही. पोळीतल्या कुणीतरी कडुलिंबाची फांदी खोचून तिला लाल ओढणी बांधली, म्हणजे सरकारी भाषेत ज्याला बॅरिकेड म्हणतात ते झालं. नऊपर्यंत बघे जमले. दहापर्यंत कॉलेजची पोरं पाठीमागे फुलपाखरू येईल अशा बेताने फोटो काढू लागली.

मीही वाकून पाहिलं. वर चार बोटं डांबर, त्याखाली खडी, आणि त्याखाली काहीच नाही. आतल्या आत एक गुहा झाली होती. तळाशी विटांची एक फुटकी कमान आणि तिच्यातून हळूहळू वाहणारं काळं पाणी.

आई गॅलरीत बसून होती. ती शहाऐंशीची आहे. तिच्या हिशेबात १९४९ च्या आधीचं सगळं ‘महाराजांच्या वेळचं’ आणि नंतरचं सगळं ‘हल्लीचं’. संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्या दिवसापासून तिच्या मते ‘हल्ली’ सुरू झालं. तिने वरूनच विचारलं, “विटा दिसतायत का गं?” मी हो म्हटलं. “मग ती महाराजांच्या वेळची गटार. तिला कुणी हात लावला नसेल. वरून फक्त डांबर फासलं.”

ती गटार खरोखर सयाजीराव महाराजांच्या वेळची होती का, याची शहानिशा मी केलेली नाही. पण बाकीचं तिने वरच्या मजल्यावरून अचूक सांगितलं. भूवा वरून पडत नाही, खालून पडतो. जुनी लाइन कुठेतरी फुटते किंवा तिचा सांधा सुटतो. पाऊस झिरपला की आजूबाजूची माती त्या फटीतून लाइनीत वाहून जाते, रोज थोडी थोडी. वर वाहनं चालत राहतात, पट्टेही मारले जातात, आणि खाली पोकळी वाढत असते. डांबराला स्वतःची अशी काही ताकद नसते, ते मातीच्या भरवशावर असतं. ज्या दिवशी माती संपते त्या दिवशी रस्ता बसतो.

त्याच आठवड्यात भाचा मला अलकापुरीतल्या एका नव्या कॅफेत घेऊन गेला. “आत्या, तू त्या खड्ड्याशेजारी बसून आजारी पडशील, चल.” तो भायलीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझ्यावर त्याचा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

कॅफे सुरेख होता. वरून काळ्या वायरीला लोंबणारे पिवळे बल्ब, मोठमोठी पानं, आणि एका भिंतीला मुद्दाम गिलावा न करता उघड्या ठेवलेल्या विटा. आमच्या घरात तशा विटा फुकट दिसतात, ओल आली की पोपडे पडून. कॉफीवर दुधाचं पान काढलेलं होतं. कॉफी मला आवडली. नाही कशाला म्हणू? मांडवीजवळ उभं राहून सेवउसळ खाणारी जीभ माझी आहे. पण गारव्यात बसून तासभर कुणी उठवत नाही, वेटर पोरगी ‘आंटी’ न म्हणता ‘मॅम’ म्हणते, स्वच्छतागृहात पाणी आणि कडी दोन्ही असतं, हे सुख मला या वयात पहिल्यांदा मिळतंय. जुन्या बाजारात खरेदीला गेलेल्या बाईने दुपारभर काय सोसायचं हे जिने सोसलंय तिला कॅफेची टिंगल करवत नाही.

भाच्याचं म्हणणं असं. शहर दिसायला हवं. दिसलं तर लोक येतात, लोक आले तर कंपन्या येतात, कंपन्या आल्या तर पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. “मी इथे आहे तो त्यामुळेच ना, आत्या? नाहीतर तुझी फोनची बिलं बघ.” याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या आधीच्या पिढीतली आमच्या घरातली सगळी मुलं गेली. घरात राहिल्या त्या मी, आई आणि तुळस.

“पण तू सतत गटारावरच का येतेस?” तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, तुमच्या सोसायटीत पाणी कुठलं? तो जरा थांबला. टँकरचं. भायली, सेवासी, बिल ही गावं काही वर्षांपूर्वी शहराच्या हद्दीत घेतली. त्याआधीच तिथे चौदा-चौदा मजले उभे राहिले होते. क्लबहाउस, निळा तरणतलाव, मुलांसाठी रबराची जमीन, आणि पहाटे फाटकाशी टँकरची रांग. सांडपाण्याचा टँकर वेगळा, तो रात्री येतो. म्हणजे आमच्याकडे नळ आहे पण धार नाही, आणि त्याच्याकडे तलाव आहे पण नळ नाही. यावर आम्ही दोघंही हसलो आणि त्याने आणखी एक कॉफी मागवली.

लहानपणी आम्हाला सहलीला आजव्याला नेत. निमेटाची बाग, रंगीत कारंजी, डब्यात धपाटे आणि लिंबाचं लोणचं. मुलांचं लक्ष कारंज्यांवर, आणि वडील मात्र दरवेळी बांधावर उभं करून एकच गोष्ट सांगत: “इथे पंप नाही, बरं का.” त्यांना त्या गोष्टीचा भारी अभिमान. जसं काही त्यांनीच तो काढून ठेवला होता.

आजवा, म्हणजे सयाजी सरोवर, शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर. सूर्या नदीवर मातीचा लांबच लांब बांध घालून पाणी अडवलं आणि १८९० च्या सुमाराला ते शहरात नळाने खेळवलं. इंजिनिअर जगन्नाथ सदाशिवजी. युक्ती साधी होती. तलाव शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या वजनाने घरंगळत खाली येतं. त्याला ढकलावं लागत नाही. त्या काळी शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत ती सोळा लाखांच्या पुढे गेली होती. पाण्याचा मोठा वाटा आता मही नदीकाठच्या विहिरींतून पंपाने येतो, पण पूर्वेकडच्या वस्तीत अजून आजव्याचं पाणी उतरतं. आमच्या वाडी भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ते चवीवरून ओळखता येतं म्हणे. मला नाही येत.

या ठिकाणी लेख ‘महाराज कसे थोर होते’ या रुळावर जाण्याचा संभव असतो. बडोद्यातला कुठलाही मराठी लेख तिथेच जातो. महाराज थोर होतेच. बाराव्या वर्षी, १८७५ साली, कवळाण्याचा मुलगा गादीवर बसला. १९०६ साली त्याने राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं उभी केली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. मी शाळकरी असताना परकर सावरत त्या काचेवरून चालले आहे, आणि त्या वेळी काच कशाला घातली हे कळलं नव्हतं, नुसती भीती वाटली होती. आता वाटतं, या शहरात मला सगळ्यात देखणं काय वाटतं, तर ती काचेची जमीन. तिथे पाट्या नाहीत, दिवे नाहीत. आणि ती काम करते.

पण ज्या सुमाराला आजव्याचं पाणी आलं त्याच सुमाराला, १८९० मध्येच, लक्ष्मीविलास पॅलेस पुरा झाला. तेव्हा ‘पूर्वी पाणी होतं आणि हल्ली झगमगाट आहे’ हे आईचं गणित मला मान्य नाही. झगमगाट तेव्हाही होता, आणि आमच्या शहराला तर तो जन्मजात आहे. महाराजांच्या आधीच्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या. त्यांच्या आधीच्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा विणवला. त्यांच्या तुलनेत दुभाजकावरची फुलपाखरं म्हणजे अगदीच मध्यमवर्गीय हौस.

आणि आणखी एक गोष्ट, जी डब्यात धपाटे घेऊन आजव्याला जाणाऱ्या आम्हा लोकांना घरी कुणी सांगितली नाही. १९१७ च्या सप्टेंबरात एक तरुण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून इथे नोकरीला आला. नळ होते, ग्रंथालय होतं, न्यायमंदिर होतं, संग्रहालय होतं, आणि त्याला राहायला खोली नव्हती. पारशी असल्याचं सांगून तो एका पारशी धर्मशाळेत राहिला. जात कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्याला बाहेर काढलं. तो कामाठीबागेत झाडाखाली जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. आजोबा तेव्हा हुजूर कचेरीत कारकून होते. आमच्या वाड्यात त्या वर्षी दोन खोल्या रिकाम्या होत्या, असं आईने तिच्या सासूकडून ऐकलेलं आहे. ते वेगळ्याच संदर्भात, भाडेकरू मिळत नव्हता या तक्रारीत. मी ते जोडून पाहिलं तेव्हा चाळिशीची होते.

म्हणून नगर चांगलं की वाईट ते ठरवताना माझं मन आता देखण्या गोष्टींपाशी अडत नाही आणि पाइपांपाशीही पुरतं थांबत नाही. आत कोण, बाहेर कोण, हे विचारावंसं वाटतं.

२०२४ ची जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. मी गोपाळकाल्याला दही विरजून ठेवलं होतं. पाऊस थांबेचना. इतक्यात बातमी आली की आजव्याचे दरवाजे वाहायला लागलेत. त्या बांधाला बासष्ट दरवाजे आहेत. वडील ज्याच्या कौतुकात न्हायचे तेच सरोवर भरलं की सूर्या नदीतून विश्वामित्रीत उतरतं, आणि विश्वामित्री शहराच्या मधोमध जाते. काळाघोड्याच्या पुलाखाली धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आठवड्याभरापूर्वी ज्याच्या पाऊण तासासाठी आम्ही पहाटे उठत होतो तेच आजव्याचं पाणी आता लोकांच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यावर बसलं होतं.

आमच्या वाडीत गुडघ्याशी थांबलं. वीज गेली, दही फुकट गेलं, एवढंच. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बेन नदीकाठच्या वस्तीत राहतात. त्या पाचव्या दिवशी आल्या. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि मुलाची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात खोचली होती, ती तशीच होती. पिठाचा डबा, गादी आणि शिलाईचं मशीन गेलं. मशीनचे हप्ते चालू होते. आईने विचारलं, मगर आली होती का? विश्वामित्रीत मगरींची मोठी वस्ती आहे, शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत. पूर आला की त्या अंगणात येतात. बेन म्हणाल्या, “आवी हती. एने पण क्यां जवुं, बा?” आली होती, पण तिनं तरी कुठे जायचं.

पूर का येतो हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. नदीच्या दोन्ही बाजूंना घळी होत्या, गुजरातीत कोतर म्हणतात. पुराचं पाणी आधी त्यांच्यात पसरायचं. त्या बुजल्या आणि त्यांवर बंगले झाले. शहरातून नदीकडे जाणारे मोठे नाले आहेत, आम्ही त्यांना कांस म्हणतो. भूखी कांस, मसिया कांस, रुपारेल कांस. भूखी म्हणजे भुकेली. एवढं नाव ठेवूनही तिच्या तोंडावर बांधकामं करायचा धीर लोकांना झाला. आणि नदीसाठी कित्येक वर्षं आम्ही कागदावर जे पाहत होतो ते रिव्हरफ्रंटचं चित्र. त्यात सरळ रेषेत वाहणारं निळं पाणी, फरसबंदी, सायकलवरची मुलगी. मगर मी त्या चित्रात कधी पाहिली नाही.

पुराला दोन महिने होतात न होतात तोच, २८ ऑक्टोबर २०२४ ला, आमचे पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान विमानांच्या कारखान्याच्या उद्घाटनाला बडोद्यात आले. विमानतळाकडचे रस्ते उजळले. झाडांच्या बुंध्यांना रंग, भिंतींवर चित्रं, चौकाचौकांत रोषणाई. मी वर्तमानपत्र आपटून म्हटलं, बघा, याला पैसा आहे. बेन भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, काल रात्री सगळ्या पोरांना रिक्षात घालून दिवे दाखवून आणलं, फार मस्त होतं, तुम्ही नाही गेलात?

त्यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. घरात अजून चिखलाचा वास असताना दोन महिन्यांनी मुलांना फुकटात काहीतरी चकचकीत बघायला मिळालं, तर ती बाई त्यात अन्याय शोधत बसली नाही. अन्याय शोधायचं काम माझं, पेन्शनवाल्या बाईचं. सामान्य माणसाला झगमगाट नको असतो, हे आपण मध्यमवर्गीयांनी परस्पर ठरवून टाकलेलं आहे. तिला दिवेही हवे होते आणि मशीनही.

आणि झगमगाटच जीव घेतो तेव्हा? त्याच वर्षी, १८ जानेवारीला, हरणीच्या तलावात बोट उलटली. शाळेची सहल होती. तलाव सुशोभित केलेला, तिकीट काढून आत जायचं, काठाला खाण्याचे स्टॉल. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवली होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मी त्या तलावाकडे अजून गेलेले नाही.

आता माझी स्वतःची रड, आणि ती अगदीच किरकोळ आहे. पुरानंतरच्या हिवाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. बडोद्यात गटार तुंबत नाही, ‘उभरते’. हा शब्द गुजरातीतून आमच्या मराठीत येऊन बसला आहे आणि तोच बरोबर आहे, कारण ती दुधासारखी उतू येते. उभरलेली गटार आणि पाण्याची लाइन यांचा कुठेतरी सांधा जुळला होता. मी फोनवर तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. हातात ग्लास होता, ग्लासाला वास होता, आणि तक्रार निकाली निघाली होती. पुन्हा नोंदवली. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा मी पाणी बाटलीत भरून एका कचेरीत घेऊन गेले.

टेबलामागचा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, स्वभावाने गोड. त्याने बाटलीचा वास घेतला आणि प्रामाणिकपणे तोंड वाकडं केलं. “बेन, लाइन जूनी छे.” किती जुनी? “अमारा दादा ना वखतनी.” मग नकाशा काढा, कुठे काय जुळलंय ते बघा. तो म्हणाला, नकाशा आहे, पण त्यात ही लाइन नाही. ही लाइन वाल्वमॅनकाकांना माहीत होती. ते रिटायर झाले.

मला वाल्वमॅनकाका आठवले. पहाटे साडेपाचला सायकलवर, खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून ते यायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि तिला धरून वर्तुळात चालायचं. बैल घाण्याभोवती फिरतो तसे. अमुक फेरे आमच्या पोळीला, तमुक फेरे पलीकडच्या खांच्याला, म्हणजे बोळाला. कुणाच्या घरी लग्न असेल तर दोन फेरे जास्त. आम्ही त्यांना दिवाळीला फराळाचं ताट आणि पन्नास रुपये देत असू आणि आपण फार केलं असं समजत असू. शहराच्या पोटात कुठे काय आहे हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि ज्या दिवशी त्यांना शाल-नारळ मिळालं त्या दिवशी ते डोकं घरी गेलं. त्यांच्या जागी आलेली मुलं कंत्राटावरची, वर्षात बदलतात. त्यांना दोष कसा देणार? चावी मिळाली, पण फेरे कुणी सांगितले नाहीत.

२०१६ साली बडोदं स्मार्ट सिटीच्या यादीत आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. कॅमेरे आले, मोठे पडदे आले. त्यात वाईट काही नाही. फक्त एखाद्याने सहा महिने त्या रिटायर माणसाच्या मागे वही घेऊन फिरायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. पण अशा वहीचं उद्घाटन कोण करणार, फीत कशाला बांधणार?

माणसं मनावर घेतात तेव्हा होतं, हेही लिहायला हवं, नाहीतर भाचा हे वाचून फोन करील. पुराच्या धसक्याने २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीत यंत्रं उतरली आणि कित्येक किलोमीटर गाळ काढला. मी रिक्षा थांबवून काळाघोड्याच्या पुलावरून पाहिलं. नदीचा तळ मी पहिल्यांदाच पाहत होते. तिच्या पोटातून गाद्या निघत होत्या, टायर, गणपतीच्या मूर्तींचे लोखंडी सांगाडे. त्यातला एखादा आमच्या पोळीचाही असेल.

तर भूवा. तो अकरा दिवस तसाच राहिला. फांदीची पानं वाळून गळली, ओढणी कुणीतरी नेली, तिथे कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची उलटी ठेवली. बाराव्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर आला, सोबत चार मजूर, पंचमहालाकडचे असावेत बोलण्यावरून. एकजण दोर कमरेला बांधून आत उतरला. पायात रबरी चप्पल, हातात फावडं. वरून दिसणारा खड्डा बैलगाडीएवढा होता. आत गेल्यावर तो माणूस दोन पावलं बाजूला सरकला आणि दिसेनासा झाला. रस्त्याच्या खाली, फुलपाखरांच्या खाली कुठेतरी तो चालत होता.

आई गॅलरीच्या कठड्याला रेलून बघत होती. तो वर आला तसं तिने ओरडून विचारलं, “भाई, नीचे शुं छे?”

त्याने मान वर केली. “कंई नथी, बा. बधुं पोलुं छे. पेला थांभला सुधी.” काही नाही, सगळं पोकळ आहे, त्या खांबापर्यंत. त्याने बोट दाखवलं तो खांब आमच्या ओट्यापासून चार हातांवर.

मग त्याने पाणी मागितलं. मी आत गेले. नळाला संध्याकाळची वेळ झाली नव्हती आणि फिल्टरमध्ये अर्धा तांब्या उरलं होतं. तेवढं दिलं. त्याने आधी बोटांवर थोडं ओतून हात धुतले, उरलेलं तोंड न लावता प्यायला आणि तांब्या ओट्यावर पालथा ठेवून पुन्हा दोर बांधायला लागला. आई म्हणाली, “त्या खांबाजवळ आपली स्कूटर आहे. हलव.”